कांद्याचे रोग आणि कांद्याचे गुण

(नालछा येथील गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



कांदेनवमी झाली की चातुर्मासात आपल्यापैकी कित्येक घरांत कांदा वर्ज्य असतो. बाप्पाच्या नैवेद्यात तर तो नसतोच. पण याच दिवसांत आपल्या शेतांत खरिपाचा कांदा उभा असतो आणि त्याला जपायचे दिवसही हेच.

पावसाने उघडीप दिली की फुलकिडे वाढतात. पातीच्या बेचक्यात लपून ते रस शोषतात. पातीवर चंदेरी ठिपके पडतात, पात वाकडी होते. पुन्हा पाऊस आणि दमट हवा आली की त्याच जखमांतून जांभळ्या करप्याची बुरशी सहज शिरते. आधी लहान, पांढुरका, खोलगट चट्टा पडतो. मग तो मध्ये जांभळा आणि कडेने पिवळा होतो. पात तिथेच मोडते आणि कांदा पोसत नाही. म्हणून नुसते बुरशीनाशक मारून भागत नाही. आधी बेचकी उघडून पाहा. किडे दिसले तर त्यांचाही बंदोबस्त करा. पात मेणचट असते, औषध घरंगळून जाते, म्हणून त्यात चिकट द्रव्य घाला. चार औषधे अंदाजाने एकत्र करू नका. धारच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. वाफ्यात पाणी साचू देऊ नका, उशिरा युरिया टाकू नका आणि लसणाच्या रानात लगेच कांदा लावू नका.

आता गुणांकडे वळू. कांद्यातील क्वेर्सेटिन हे द्रव्य बाहेरच्या पाकळ्यांत जास्त असते, तेव्हा सोलताना जाड थर टाकू नका. त्यातील तंतू आतड्यातील उपयोगी जिवाणूंचे अन्न आहेत; मात्र काहींना त्यानेच पोट फुगते, त्यांनी बेताने खावा. लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. खरे रक्षण पाणी आणि सावली करते. कांदा ताटातच शोभतो. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी सोडून कांद्यावर विसंबू नका.

शेत आणि ताट यांना जोडणारी एक गोष्ट शेवटी सांगतो. फवारणीनंतर डब्यावर लिहिलेले दिवस सरल्याशिवाय हिरवी पात तोडू नका, बाजारात नेऊ नका. जी पात आपल्या लेकरांच्या पिठल्यात घालायला आपण कचरू, ती दुसऱ्याच्या ताटात जाऊ नये. काळ्या बुरशीने आतपर्यंत पोखरलेला कांदाही टाकून द्यावा.

विघ्नहर्त्याकडे आपण निरोगी पीक मागतो. निरोगी ताट देणे मात्र आपल्याच हाती आहे.

गणपती बाप्पा मोरया!