स्वाक्षरीच्या पलीकडे : प्रौढ साक्षरतेचे कार्य

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ज्ञानदानासारखे दुसरे दान नाही, असे समाजात नेहमी म्हटले जाते. परंतु बालकाला शिकविणे आणि प्रौढाला शिकविणे या दोन भिन्न गोष्टी होत. प्रौढ विद्यार्थी चाळीस-पन्नास वर्षांचा अनुभव घेऊन वर्गात येतो. व्यवहाराचे शहाणपण त्याच्यापाशी असते आणि ‘आता या वयात कसले शिकणे’ हा संकोचही असतो. त्याच्यासमोर केवळ दात्याच्या भूमिकेतून उभे राहणाऱ्या शिक्षकाचा वर्ग फार दिवस चालत नाही.

या कार्याची परंपरा आपल्या प्रांतात जुनी आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमास आरंभ झाला. ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशनची स्थापना झाली. २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रमाद्वारे पंधरा वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवकांकरवी शिकविण्याचे कार्य हाती घेण्यात आले. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे १८ टक्के होती. २०११ मध्ये ती सुमारे ७३ टक्क्यांवर पोहोचली. या वाढीत शाळांचा वाटा मोठा आहे. शाळेचे वय निघून गेलेल्यांचा प्रश्न मात्र मागे उरतोच.

पुष्कळ ठिकाणी हे कार्य एका टप्प्यावर येऊन थांबते. तो टप्पा म्हणजे स्वाक्षरी. सही आली की समारंभ होतो, छायाचित्र निघते आणि वर्ग बंद पडतो. वस्तुतः धोका तेथेच असतो. अंगठा उठविणाऱ्याला कागद वाचून दाखविण्याची आणि साक्षीदार घेण्याची रीत आहे. सही करणाऱ्याने मात्र कागद वाचलेला आहे, असे गृहीत धरले जाते. ज्या स्त्रीला केवळ स्वतःचे नाव गिरवता येते, पण वरचा मजकूर वाचता येत नाही, ती कर्जाच्या किंवा हक्कसोडीच्या कागदापुढे अंगठेबहाद्दरापेक्षाही अधिक असुरक्षित असते. म्हणूनच जनगणनेच्या व्याख्येत ‘समजून’ वाचता-लिहिता येणे अपेक्षित आहे. साक्षरता मिशनने ठरविलेल्या निकषांतही मिनिटाला तीस शब्द मोठ्याने वाचणे, सात शब्द पाहून लिहिणे, शंभरपर्यंतचे अंक आणि साधा हिशेब यांचा समावेश होता. त्यासाठी तीन वाचनपुस्तिका आणि सुमारे दोनशे तासांचे अध्यापन योजले होते. सहीसाठी आठवडा पुरतो, साक्षरतेसाठी महिने लागतात.

शिकविण्याची रीतही निराळी असावी लागते. ‘अ, आ, इ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंतची वाट प्रौढांना लांबची वाटते. ‘ग म भ न’ सारख्या सोप्या वळणाच्या अक्षरांपासून आरंभ केला, तर पहिल्या काही दिवसांतच ‘मन’, ‘नग’ हे शब्द वाचता येतात. आपल्याला येते, हा विश्वास तेथूनच निर्माण होतो. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागते. चष्मा नसलेली भगिनी ‘डोक्यात शिरत नाही’ म्हणते, तेव्हा दोष बहुधा डोळ्यांचा असतो. म्हणून पाटीपूर्वी नेत्रतपासणी व्हावी. पाव, सव्वा, दीड, अडीच यांचा तोंडी हिशेब तिला उत्तम येतो. अडचण येते ती अंक लिहिताना. पंचवीस म्हणताना पाच आधी उच्चारले जातात, लिहिताना मात्र दोन आधी येतात. त्यामुळे २५ च्या जागी ५२ लिहिले जाते. बँकेच्या पावतीवर ही चूक महागात पडते. ही बुद्धीची उणीव नसून भाषेची घडण आहे, हे शिक्षकाने जाणले पाहिजे.

वेळ आणि विषय ही शिकणाऱ्याच्या सोयीने ठरावेत. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठ ते नव्वद वयाच्या आजी गुलाबी नऊवारी नेसून, घरची कामे आटोपून दुपारी वर्गात येऊ लागल्या. पोथी स्वतः वाचता यावी, ही त्यांची ओढ होती. आंध्र प्रदेशातील नेल्लोर जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरतेच्या पुस्तिकेत दारूच्या दुष्परिणामांवर धडा होता. तो वाचून दुबगुंटा गावच्या स्त्रियांनी चर्चा केली, गावातील दारूचे दुकान बंद पाडले आणि ते आंदोलन राज्यभर पसरले. १९९३ साली राज्यशासनाला अरक या देशी दारूवर बंदी घालावी लागली. अक्षर जीवनाशी जोडले गेले की त्याचे सामर्थ्य असे प्रकट होते.

शिकलेले अक्षर वापरले नाही, तर ते पुसले जाते. म्हणून वर्ग संपल्यावरही मोठ्या टाइपाची पुस्तके, दैनिक आणि आठवड्यातून एक वाचनाची बैठक चालू राहिली पाहिजे.

बंधू-भगिनींनो, २००१ च्या जनगणनेत जैन समाजाची साक्षरता ९४ टक्क्यांहून अधिक, म्हणजे सर्व धर्मीयांत सर्वाधिक नोंदविली गेली. हा अभिमानाचा विषय खरा, पण त्याबरोबर उत्तरदायित्वही येते. घरकाम करणाऱ्या भगिनी, रखवालदार आणि पेढीवरील हमाल रोज आपल्या उंबरठ्यावर येतात. त्यांच्यातील कितीजणांना औषधाच्या बाटलीवरील मजकूर किंवा बँकेच्या पुस्तकातील शिल्लक वाचता येते, हे विचारून पाहावे. दुपारचा एक तास, सभागृहातील एक खोली, चार चष्मे आणि पुरेसा धीर एवढ्या सामग्रीवर हे कार्य आरंभता येते. ते आरंभावे आणि स्वाक्षरीपाशी थांबवू नये, हीच या प्रसंगी नम्र विनंती.