हिरडीतलं रक्त आणि न मोजलेली साखर

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. तरी बोलायचंय ते आपल्या घरच्या दादी-नानींच्या हिरड्यांबद्दल.

दात हलू लागले, ब्रश करताना रक्त आलं, की घरात म्हणतात, वय झालं. मग मशेरी, लवंग, शेवटी दात काढणं. नुसत्या वयानं दात हलत नाहीत. हिरडीच्या आजारानं आतलं हाड झिजतं, म्हणून हलतात. रक्तात साखर जास्त असेल तर हा आजार लवकर बळावतो. उलट हिरडीच्या सुजेमुळं इन्शुलिनचा परिणाम कमी होतो, साखर आणखी चढते. आमच्या भाषेत, लूप. १९९३ मध्येच हॅराल्ड लो या दंतसंशोधकानं हिरडीच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. आपल्याकडं मात्र दात काढला जातो, साखर मोजायची राहते.

प्रत्येक रक्ताळलेली हिरडी म्हणजे शुगर नव्हे. पण तपासायला काय जातं? नांदेडला आणि लातूरला दंत महाविद्यालयं आहेत. तिथं दात दाखवायला न्याल तेव्हा शुगरचंही विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपुढच्यांची तपासणी मोफत होते. उपाशीपोटी १२६ किंवा वर आली, तर पुन्हा तपासून खात्री करायची.

रमजानच्या आधी हे कराच. शुगर असल्याचं ठाऊकच नसेल, तर रोजा धरायचा की नाही, गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारणार कोण? सुईचं नाव काढलं की दादी नको म्हणेल. आधी तुमचं बोट पुढं करा.