मेंदूच्या नकाशावरील ठिपके



माणसाच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचा आलेख प्रथम काढला तो जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी, १९२४ साली. तो प्रसिद्ध करावयास मात्र त्यांनी १९२९ साल उजाडू दिले. आता मस्तकाचे रंगीत नकाशे निघतात, आणि त्यांतील तांबड्या ठिपक्यावर बोट ठेवून ‘तुमच्या मुलाच्या मेंदूत येथे दोष आहे’ असे आईबापांना सांगणारेही निघतात. त्या ठिपक्याची किंमत काय, एवढेच आज आम्ही पाहणार आहो.

थोडा हिशेब करू. डोक्यावर ६४ ठिकाणी विद्युदग्रे लावली आणि दर सेकंदाला ५०० नोंदी घेतल्या, तर एका सेकंदाचे आकडे होतात ३२,०००. ओळखीचा चेहरा पाहताना आणि अनोळखी पाहताना लहरींत फरक पडतो काय, हे प्रत्येक आकड्यापाशी तपासले, आणि शंभरांत पाच वेळा फसण्याची मुभा ठेवली. मग मुळात काडीचाही फरक नसला, तरी सरासरी १,६०० ठिकाणी तो ‘सापडतो’! शेजारशेजारच्या लहरी सारख्याच असल्यामुळे हे खोटे ठिपके सुटे राहत नाहीत. त्यांची बेटे बनतात, आणि बेट पाहिले की माणसाचा विश्वास बसतो.

२००९ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी चुंबकीय यंत्रात मेलेला सामन मासा ठेवून त्याला माणसांची चित्रे दाखविली. (लहरींचे यंत्र वेगळे, पण रोग तोच.) माशाच्या मेंदूतही ठिपके उजळले. तपासण्यांच्या संख्येचा हिशेब धरताच ते मावळले.

हा हिशेब धरावा कसा? शंभरांतील पाचाला ३२,००० ने भागावे, हा सरळ उपाय. पण त्यात सुक्याबरोबर ओलेही जळते. २००७ साली नेदरलँड्समधील मारिस व ओस्टेनफेल्ड यांनी लहरींसाठी मांडलेली रीत आम्हांला अधिक पटते. प्रत्येक माणसाच्या दोन नोंदींवरील ‘ओळखीचा’, ‘अनोळखी’ या चिठ्ठ्या नशिबावर सोडून अदलाबदल करायच्या, असे हजार वेळा करायचे आणि दर खेपेस सर्वांत मोठे बेट मोजायचे. खरे बेट त्यांतील ९५० हून मोठे भरले, तरच फरक मानायचा.

मात्र या कसोटीने कळते ते इतकेच, की दोन प्रसंग सारखे नाहीत. बेटाचा किनारा नेमका कोठे, फरक कोणत्या क्षणी सुरू झाला, याची हमी ती देत नाही. आणि लेखांतून नेमके तेच ठासून सांगितलेले आढळते! म्हणून नकाशा काढताना कसोटीला न उतरलेला भाग पुसून टाकू नये. तो फिक्या रंगात ठेवावा, उतरलेल्या भागाभोवती रेघ ओढावी, आणि किती ठिकाणी शोध घेतला तो आकडा चित्राखालीच छापावा.