दुसरी प्रत किती मागे आहे?



आमच्या देऊळघाटच्या माणसाला बँकेतलं एक वाक्य पाठ झालं आहे : ‘आज लिंक नाही.’ सोयाबीनचे पैसे जमा झाले का, हे विचारायला आलेला शेतकरी ते ऐकतो, बाकावर थोडा वेळ बसतो आणि उठून जातो. कुठेतरी तार तुटली, एवढं त्याला कळतं. पण आपला पैसा आहे कुठे, हा प्रश्न घेऊनच तो घरी येतो.

आज तो पैसा म्हणजे दूरच्या एखाद्या शहरातल्या संगणकावरची नोंद. एकाच कणगीत सगळं धान्य ठेवू नये, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून मोठ्या संस्था प्रत्येक नोंदीची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी पाठवत असतात.

याच्या दोन रीती आहेत. एकीत, तिकडून ‘पोहोचली’ असा निरोप आल्याशिवाय इकडचा व्यवहार पूर्ण धरत नाहीत. दुसरीत इकडचं काम उरकतात आणि प्रत मागाहून जाते. पहिलीत नोंद हरवत नाही, पण थांबावं लागतं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. १०० किलोमीटर जाऊन यायला सेकंदाचा हजारावा भाग, हजार किलोमीटरला त्याच्या दहापट. आपल्याला हे काहीच वाटणार नाही. पण सेकंदाला हजारो व्यवहार करणाऱ्या यंत्राला तेवढाही वेळ भारी पडतो. म्हणून पहिली रीत जवळच्या केंद्रासाठी आणि दुसरी लांबच्यासाठी वापरतात.

आता दुसऱ्या रीतीत प्रत दहा सेकंद मागे असेल आणि मुख्य यंत्र बंद पडलं, तर त्या दहा सेकंदांत जमा झालेले सोयाबीनचे पैसे दुसऱ्या प्रतीत नसतातच!

२४ फेब्रुवारी २०२१ चा दिवस आठवा. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचं मुख्य केंद्र वांद्रे-कुर्ला संकुलात, जवळचं पर्यायी केंद्र कुर्ल्यात आणि लांबचं चेन्नईत होतं. एक्स्चेंजच्या खुलाशानुसार, मुख्य केंद्र आणि कुर्ला यांना जोडणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या तारा मार्गावरच्या खोदकामांमुळे विस्कळीत झाल्या. अशा वेळी मुख्य साठवण चालूच राहायला हवी होती. पण संगणकांना तीच मिळेनाशी झाली. जोखमीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा थांबली. सकाळी ११.४० ला व्यवहार बंद झाले, ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. ज्या प्रतीवर आधार होता, तिच्याशी नातं तुटताच मूळच अडलं.

म्हणून प्रत आहे, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. ती किती सेकंद मागे आहे, न गेलेल्या नोंदींची रांग किती वाढली, निरोप जाऊन यायला किती वेळ लागतो, हे सतत पाहावं लागतं. तेही ऐन गर्दीच्या वेळचं. दिवसभराची सरासरी फसवते. शिवाय अधूनमधून मुद्दाम तार तोडून, पुढे काय होतं तेही तपासावं लागतं.

रमजानमध्ये तरावीहच्या नमाजात हाफिजसाहेब कुराण तोंडपाठ म्हणतात, तेव्हा त्यांच्या मागे दुसरा हाफिज कान देऊन उभा असतो. एखादा शब्द निसटला, की तो तिथल्या तिथे सांगतो. त्याला लुकमा देणं म्हणतात. ज्यांनी सबंध ग्रंथ पाठ केला आहे, त्यांच्यामागेही ऐकणारा ठेवतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

बाकावरून उठून गेलेल्या त्या शेतकऱ्याला हे आकडे कोणी दाखवणार नाही, आणि तो मागणारही नाही. पण त्याच्या नोंदीमागे असा कान देणारा कोणीतरी रोज उभा असला पाहिजे. तार तुटायच्या आधीपासून.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)