मनातला साक्षीदार

(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज मी माझ्याच एका चोरीची गोष्ट सांगणार आहे. ती चोरी कुणी पकडली नाही. पोलीस आले नाहीत. पंच बसले नाहीत. तरी एक साक्षीदार होता. तो माझ्या मनातच बसला होता.

माझ्या शेताला लागून एका विधवा काकूंचे शेत आहे. मध्ये बांध आहे. एका वर्षी नांगरताना मी तो बांध कोरला. नांगराचे एक तास पलीकडे सरकलो. त्या दिवशी छाती धडधडली. रात्री भाकरी गोड लागली नाही. दुसऱ्या वर्षी आणखी एक तास घेतले. धडधड कमी झाली. तिसऱ्या वर्षी तर मीच म्हणू लागलो, "बांध पहिल्यापासून इथंच होता."

नवा माणूस कुदळ धरतो, तेव्हा हाताला फोड येतात. पुढे घट्टे पडतात. मग काही दुखत नाही. मनाचेही तसेच आहे. हाताला घट्टा पडला तर काम सोपे होते. मनाला घट्टा पडला तर पाप सोपे होते.

चांगले काय आणि वाईट काय, हे आतून सांगणाऱ्या शक्तीला विवेक म्हणतात. आम्ही ख्रिस्ती लोक मानतो, की देवाने तो प्रत्येक माणसाला दिला आहे. ज्याने शास्त्र कधी ऐकले नाही, त्यालाही दिला आहे. रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौलाने हेच सांगितले आहे.

पण हा विवेक दुसऱ्याचा दोष लवकर पाहतो. आपला दोष उशिरा पाहतो. बायबलात दावीद राजाची गोष्ट आहे. उरीया हा त्याचा शिपाई. राजाने उरीयाची बायको घेतली. मग उरीयाला मुद्दाम लढाईच्या तोंडी देऊन मारवले. राजाला कोण बोलणार?

तेव्हा नाथान नावाचा संदेष्टा राजाकडे आला. त्याने एक गोष्ट सांगितली. एका गरिबाकडे एकच लहान मेंढी होती. तो तिला आपल्या घासातला घास देई. गावातल्या श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरे होती. श्रीमंताकडे पाहुणा आला. त्याने आपले मेंढरू राखले आणि गरिबाची मेंढी कापली.

ते ऐकून दावीद संतापला. असा माणूस मरणास योग्य आहे, त्याने चौपट भरून द्यावे, असे तो म्हणाला. तेव्हा नाथानाने सांगितले, की तो माणूस म्हणजे राजा स्वतःच! दावीदाने सबब सांगितली नाही. त्याने आपले पाप कबूल केले.

ही गोष्ट मी एका रविवारी देवळात ऐकली. त्या श्रीमंताचा मलाही राग आला. आणि एकदम काकूंचा बांध डोळ्यांपुढे उभा राहिला.

पण नुसते रडून मेंढी परत येत नाही. यरीहो गावात जक्कय नावाचा मुख्य जकातदार होता. लोक त्याला पापी म्हणत. येशूला पाहण्यासाठी तो झाडावर चढला. येशू त्याच्याच घरी पाहुणा गेला. त्या प्रेमाने जक्कयाचे मन जागे झाले. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे त्याने आपण होऊन कबूल केले.

सोमवारी मी काकूंकडे गेलो. पाय उचलत नव्हते. तरी सगळे सांगितले. काकू म्हणाल्या, "मला ठाऊक होतं रे, बाबा. पण एकट्या बाईनं सांगावं कुणाला?"

हे शब्द मला तुरुंगाहून जड वाटले. आम्ही चार माणसांदेखत बांध जुन्या जागी घातला. त्या पट्टीत तीन वर्षांत जेवढी ज्वारी पिकली असेल, तिच्या चौपट मी काकूंच्या घरी पोचवली. त्या रात्री भाकरी गोड लागली.

मंडळी, आता तुम्हाला वाचता येते. उद्या तुम्ही आपला सातबारा वाचाल. रात्री निजताना आपले मनही वाचून पाहा. दुसऱ्याचे काही आपल्याकडे राहिले आहे काय? असेल तर घट्टा पडण्याआधी परत करा. देव क्षमा करतो. पण शेजाऱ्याचा बांध आपल्यालाच जागेवर घालावा लागतो.