कृष्णेतले मासे आणि त्यांची हजेरी



कारखान्याच्या फाटकावर बोलणारा माणूस आज माशांवर बोलणार, याचे आपणांस नवल वाटेल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही, ते वाचनालयाच्या बाकावरचे. तेव्हा पांडित्याची अपेक्षा ठेवू नये.

आपल्या मंडईत रोहू-कटला येतो, त्यातला बराचसा बर्फात घातलेला, आंध्रातला. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, माहुलीला वेण्णेला भेटते, सांगलीवरून जाऊन आंध्रात समुद्राला मिळते. आपल्या दारावरून गेलेल्या नदीच्या मुखाकडचा मासा आपण ट्रकने परत आणून खातो!

पाणी कमी म्हणून असे होते का? एकट्या कोयनेच्या शिवसागरात १०५ टीएमसी मावते. पण खोल धरणात माशाला मिळेल तेच खावे लागते. कोल्लेरू सरोवराच्या परिसरात मात्र उथळ तळी खणून कोंडा-पेंड चारतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकाच तळ्यात तीन पिके. (सरोवराच्या पोटातच तळी खणण्याचा लोभ झाला आणि २००६ साली सरकारला बांध फोडावे लागले, तो भाग निराळा.) हे मासे साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. पूर्वी नदीतून पिल्ले गाळून आणीत, त्यांत भलत्या जातींची भेसळ. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरींनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशांकडून अंडी घालवून घेतली, आणि बीजाची अडचण सुटण्याची वाट सापडली.

आता जगाकडे पाहू. २०२२ साली नद्या-तलावांतून धरलेले मासे सुमारे ११३ लाख टन. त्यांत भारत पहिला, १९ लाख. बांगलादेश १३ लाख. देश महाराष्ट्राच्या निम्म्याएवढा, पण पुराचे पाणी शेतांवर पसरते आणि मासा तेथे वाढतो. चीन १२ लाखांवर तिसरा. मत्स्यशेतीत मात्र जगातले निम्म्याहून अधिक उत्पादन त्याचे एकट्याचे!

चीनने १ जानेवारी २०२१ पासून यांगत्से नदीवर दहा वर्षे मासेमारी बंद केली. दोन लाखांवर मासेमारांचा धंदा सुटला; त्यांच्यासाठी भरपाई आणि दुसऱ्या कामाचे शिक्षण ठरवले. सगळ्यांना पुरेसे मिळाले असे मी म्हणत नाही. सरकारी भरपाई मी पुष्कळ पाहिली आहे. पण माणसे मोजली तरी गेली.

आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. नंतर मी ओळखीच्या एका भोयाच्या घरी गेलो. कारखाना बंद पडला तर कामगाराचा हजेरीपट असतो. तो घेऊन मी कोर्टाची पायरी चढतो. याच्याजवळ जाळे आणि फुगवलेली ट्यूब. तो म्हणाला, "आण्णा, मासं किती मेलं ते समद्यांनी लिवलं. आमची हजेरी कोन मांडतंय?"

मला उत्तर सुचेना. त्याच्या पोराची वही मागून घेतली आणि नदीवर पोट असलेल्या घरांची नावे लिहायला बसलो. दिवेलागणीपर्यंत दोन पाने भरली. पलीकडच्या काठाची अजून राहिली आहेत.