शाई, रिफिल आणि अम्मीची वही

माझ्या खिशाला नेहमी दोन पेने असतात. एक शाईचे आणि दुसरे साधे, कुठल्याही वाण्याकडे मिळणारे बॉलपेन. ओळखीचे लोक चेष्टा करतात, "तुम्ही कवी माणूस. शाईचे पेन तुम्हाला शोभते, हे दुसरे कशाला?" खरे सांगायचे तर २०२१ सालापर्यंत हे दुसरे पेन मी खिशाला लावतही नव्हतो. बॉलपेनबद्दल माझे मत फार वाईट होते. ते कसे बदलले, तेच आज सांगणार आहे.

आमच्या शाळेत पाचवीत गेल्यावर शाईचे पेन हातात यायचे. तोवर पाटी आणि पेन्सिल. बॉलपेनने अक्षर बिघडते, असे गुरुजींचे ठाम मत होते आणि ते आम्ही वेदवाक्य मानले. सकाळी ड्रॉपरने पेनात शाई भरायची, बोटे निळी करून घ्यायची, निब अडली की पेन झटकायचे आणि पुढच्या बाकावरच्या मुलाच्या सदऱ्यावर नक्षी काढायची, हा रोजचा कार्यक्रम. ऐन परीक्षेत शाई संपली तर शेजाऱ्याकडून चार थेंब उसने मिळत. निब मात्र कुणी कुणाला देत नसे. निबेला लिहिणाऱ्याच्या हाताचे वळण लागते, हे आम्हाला त्या वयातही कळत होते.

शाईच्या बाबतीत आपल्या मराठी माणसाने मोठे काम केले आहे. १९३१ साली दि. प. दांडेकरांनी मुंबईत शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. पाण्यात विरघळवली की शाई तयार. त्यातूनच पुढे 'कॅमल' शाई आणि 'कॅमलिन' हे नाव घरोघर पोचले.

मी मुसलमान असून मराठीत कसा लिहितो, असे मला अजूनही कुणीतरी विचारते. मी त्यांना माझे टेबल दाखवतो. त्यावरची शाई फारसीतल्या 'स्याही'वरून आलेली, म्हणजे मूळ अर्थ काळेपणा. तरी आपण 'निळी शाई' खुशाल म्हणतो. कागद फारसीतून आला, दौत आणि कलम अरबीतून. लेखणी संस्कृतातली. ही मंडळी कित्येक शतके एकाच बैठकीवर नांदत आहेत. मी त्यांच्यात नंतर येऊन बसलो, एवढेच.

वह्यांबद्दलही माझी मते पक्की आहेत. नववर्षाला भेट मिळणाऱ्या जाड पुठ्ठ्याच्या डायऱ्यांत मला एक ओळ सुचत नाही. वर छापलेली तारीख हजेरी घेतल्यासारखी बघत असते. मला शाळकरी मुलांची शंभर पानी एकरेघी वही लागते. कागद मात्र बरा हवा, नाहीतर शाई फुटते आणि मागच्या पानावर उमटते. आणि तारेची नको, मधोमध शिवलेली हवी. शिवलेल्या वहीतले पुढचे एक पान फाडले की मागचे त्याचे जोडपान सुटते. त्यामुळे पान फाडण्याआधी माणूस विचार करतो. मी पाने फाडत नसे. खोडलेले शब्द तसेच ठेवायचो. अशा सात वह्या माझ्याकडे होत्या. सगळ्या शाईच्या पेनाने आणि धुतल्यावर कपड्यांवरून निघून जाणाऱ्या निळ्या शाईने लिहिलेल्या. त्या शाईचा हा गुण मला फार सोयीचा वाटे, कारण पेन खिशात गळायचे.

आमचे घर चिपळूणला, बाजारपेठेच्या बाजूला. २००५ च्या पुरात पाणी आमच्या तिसऱ्या पायरीवर थांबले होते. त्या भरवशावर वह्या भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या फळीवर राहिल्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीने तो भरवसा ठेवला नाही. आम्ही माडीवर गेलो. खाली छातीभर पाणी.

पाणी उतरल्यावर चिखलातून वह्या काढल्या. वीज नव्हती, म्हणून पंखा नाही. पानांमध्ये जुनी वर्तमानपत्रे घालून सुकवली, सुटी झालेली पाने दोरीला चिमट्यांनी लावली. पाने सुकली, पण कोरी होती. कुठे आकाशी डाग, कुठे एखादा अर्धा काना. शाई म्हणजे पाणी आणि त्यात विरघळलेला रंग. पाण्याने आपले परत नेले, त्यात त्याचा काय दोष? ज्या कविता छापून आल्या होत्या त्या राहिल्या. न छापलेल्या गेल्या. अम्मी २०१२ साली वारली, त्यानंतर मी तिच्यावर एक लांब कविता लिहिली होती. ती कुणाला दाखवली नव्हती. आज तिच्यातल्या दोन ओळी आठवतात, पुढचे आठवत नाही.

त्याच फळीवर, त्याच चिखलात अम्मीची हिशेबाची वही होती. अब्बा कुवेतला कामाला होते. ते ड्राफ्ट पाठवत आणि अम्मी घर चालवी. मराठी चौथीपर्यंत शिकलेली ती बाई रोज रात्री पैशापैशाचा हिशेब मांडे, तोही बॉलपेनने. रिफिल अडली की दोन्ही तळहातांत धरून चोळायची, तोंडाची वाफ द्यायची. मला हसू यायचे. माझ्या पहिल्या पगारातून मी तिला शाईचे पेन आणले, तर म्हणाली, "टोपण उघडत कोण बसेल? माझे दोन्ही हात कामात असतात." ते पेन खोक्यातच राहिले.

तिच्या वहीचा पुठ्ठा गळून गेला होता, कडा कुजल्या होत्या. पण अक्षर न् अक्षर वाचता येत होते. बॉलपेनची शाई तेलकट, घट्ट असते. ती पाण्यात विरघळत नाही. तिने शेजारी पेन्सिलीने केलेल्या बेरजासुद्धा शाबूत होत्या.

पाने वेगळी करताना फेब्रुवारी १९८४ चे पान हाती आले. मी तेव्हा दहावीला होतो. वर लिहिले होते, 'ड्राफ्ट नाही.' खाली तांदूळ, रॉकेल, आणि मग, 'शाईचे पेन, १२ रु.' परीक्षेसाठी हट्ट करून मागितलेले ते माझे पेन. पहिली कविता मी त्याच पेनाने लिहिली. अम्मीच्या वहीत मासळीचा रकाना वेगळा असे. कोकणातल्या घरात तो रिकामा राहत नाही. त्या पानावर आणि त्यापुढच्या पानावरही तो कोरा होता. मला तेव्हाचे जेवण आठवत नाही, नवे पेन मात्र लख्ख आठवते.

शाईचे पेन मी सोडलेले नाही. त्याने हात सावकाश चालतो, आणि कवितेला तेवढा वेळ लागतो. पण आता पहिला खर्डा शाईने लिहितो आणि रात्री तीच कविता दुसऱ्या वहीत बॉलपेनने उतरवून ठेवतो. शाईची नवी बाटली आणली की कागदावर एक ओळ लिहून, वाळवून, तिच्यावर पाण्याचा थेंब सोडून पाहतो. ओळ टिकली तरच ती शाई घरात राहते.

तुम्हीही आज एवढे करून पाहा. घरात कुणाच्या तरी हातचे काही असेल, हिशेबाची वही, लोणच्याचे प्रमाण, एखादे पत्र. ते कशाने लिहिले आहे ते बघा. मग ते कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. आणि ठेवण्याआधी एकदा वाचा. मला अम्मीची वही वाचायला पूर यावा लागला.